छातीतली गाठ

गाठ दुखत नव्हती. म्हणून वहिनी चार महिने गप्प राहिल्या.

माझ्या थोरल्या भावाची बायको, ती आमची वहिनी. २०१९ साली त्यांचे वय ५७ होते. अंघोळ करताना डाव्या स्तनात त्यांच्या बोटाला काहीतरी लागले. हरभऱ्याच्या दाण्याएवढे. टणक. दाबले तरी दुखेना. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही,’ असे त्यांनी मनाला सांगितले. आणि सांगणार तरी कुणाला? नवऱ्याला सांगायची लाज, लेकाला सांगायची त्याहून लाज. मी तर दीर. शेवटी गौरीच्या सणाला दोघी जावा एकत्र आल्या, तेव्हा त्यांनी माझ्या बायकोजवळ तोंड उघडले. तोवर हरभऱ्याची सुपारी झाली होती.

मधे एक महिना त्यांनी एका वैदूचा लेपही लावला होता. ते आम्हांला मागून कळले. लेपाने कातडी तेवढी लाल झाली. गाठ होती तिथेच राहिली.

मंडळी, मी मॅट्रिक शिकलेला माणूस. डॉक्टर नव्हे. पण त्या वर्षी वहिनींबरोबर इस्पितळाच्या फेऱ्या मीच केल्या. दादांचा पाय शेतातून निघत नव्हता, आणि कागद वाचणारा माणूस म्हणून मला नेत. तिथे डॉक्टरीणबाईंना जे विचारले, आणि घरी येऊन जे वाचून काढले, ते इथे सांगतो. विषय बाईच्या अंगाचा आहे. गाईची कास सुजली तर आपण चारचौघांत बोलतो, त्याच दिवशी ढोरांच्या डॉक्टरला बोलावतो. घरच्या बाईची गोष्ट निघाली की मात्र सगळ्यांच्या माना खाली जातात. म्हणून मी सरळ शब्दांत लिहिणार आहे. वाचताना कुणी लाजू नये.

आधी ही गाठ म्हणजे काय ते समजून घ्या. भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर बारीक बारीक पेशींचे. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. जुन्या पेशी मरतात, नव्या होतात, सगळे हिशेबाने चालते. कधी एखाद्या पेशीचा हिशेब चुकतो. ती वाढतच सुटते. तिच्या दोनाच्या चार, चाराच्या आठ होतात आणि त्यांची गाठ बनते. यालाच कर्करोग म्हणतात. आपण कॅन्सर म्हणतो. हा रोग शेतातल्या हराळीसारखा आहे. हराळी नुसती जागच्या जागी वाढत नाही. तिची काडी पुढे सरकते आणि दुसरीकडे मूळ धरते. कॅन्सरच्या पेशीही तशाच गाठीतून सुटतात. आधी बहुधा काखेत जातात. तिथून पुढे हाडांत, फुफ्फुसांत, यकृतात जाऊ शकतात. स्तनातली गाठ माणसाला मारत नाही. पुढे गेलेली काडी मारते.

आता, छातीतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. बहुतेक गाठी साध्या असतात. पण कोणती साधी आणि कोणती वाईट, हे घरात बसून कळत नाही. गाठ दुखत नसली तरी दाखवायची. स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, कुठे खळगा पडला, बोंड आत ओढले गेले, बोंडातून रक्त आले, काखेत गाठ लागली, तरी दाखवायचे. पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो, बरे का. त्यांनीही छातीतल्या गाठीकडे काणाडोळा करू नये.

वहिनींची तपासणी तीन प्रकारे झाली. डॉक्टरीणबाईंनी हाताने पाहिले. मग यंत्राने फोटो काढला. छातीचा हा जो एक्स-रे असतो, त्याला मॅमोग्राफी म्हणतात. त्यात स्तन दोन पाट्यांमध्ये दाबतात. थोडे दुखते, पण क्षणभरच. तिसरी तपासणी सुईची. जागा बधिर करून जाड सुईने गाठीचा एक बारीक तुकडा काढतात आणि तो दुर्बिणीखाली पाहतात.

सुईचे नाव काढताच घरात गोंधळ उडाला. शेजारची म्हातारी म्हणाली, “सुई टोचली की गाठ चवताळती.” हे खरे नाही. तुकडा तपासल्यावाचून रोग कोणता ते ठरत नाही. कोणते औषध लागू पडेल तेही त्याच तुकड्यावरून कळते. उलट, तपासणी न करता कुठेतरी घाईने गाठ कापून टाकणे, यानेच पुढचे उपचार अवघड होतात.

दहा दिवसांनी कागद आला. कॅन्सर होता.

दादा ओट्यावर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. सुनेने वहिनींचा पेला वेगळा ठेवला. तिचा दोष नाही, तिला वाटले लागण होईल. हा रोग शिवण्याने, उष्ट्याने, एका पांघरुणात निजल्याने लागत नाही. कुणाच्या शापाने वा मागच्या जन्मीच्या पापानेही होत नाही. मी सुनेला हे समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी पेला पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत आला.

पुढच्या खेपेला दादाही आले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढले. म्हणाल्या, “गाठ दोन सेंटिमीटरची आहे. एकच आहे. काखेत हाताला काही लागत नाही. तेव्हा दोन वाटा आहेत. एक, पूर्ण स्तन काढायचा. दुसरी, नुसती गाठ काढायची, तिच्याभोवतीचं थोडं चांगलं मांस काढायचं आणि स्तन ठेवायचा. ठेवला तर नंतर शेक घ्यावेच लागतील. दोन्ही वाटांनी आयुष्य सारखंच. कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवा.”

दादा शेतकरी. ते लगेच म्हणाले, “बाई, हराळी काढायची तर सगळं रान खणावं लागतं. अर्धं काढून कसं चालंल? मुळापासनं काढा.”

डॉक्टरीणबाई हसल्या. त्याही शेतकऱ्याच्याच घरच्या असाव्यात. म्हणाल्या, “दादा, काडी जर बांधापलीकडं गेली असंल, तर हे रान कितीही खणा, पलीकडची हराळी मरायची नाही. तिला वेगळं औषध लागतं. आणि काडी गेली नसंल, तर तेवढा वाफा खणून वर औषध मारलं तरी भागतं. मग सगळं रान उकरून काय मिळवायचं?”

दादांना हे पटले नाही. खरे सांगतो, मलाही पटले नाही. म्हणून मी याचा इतिहास वाचला.

अमेरिकेत हॅल्स्टेड नावाचे मोठे सर्जन होऊन गेले. १८९४ साली त्यांनी आपल्या शस्त्रक्रियेची हकीकत छापली. ते पूर्ण स्तन काढत. त्याखालचे छातीचे स्नायू काढत. काखेतले सगळे काढत. त्यांचा विचार दादांसारखाच होता. जेवढे जास्त खणू तेवढे बरे. जगभर पाऊणशे वर्षे हीच रीत चालली. बाया वाचत, पण छाती फासळ्यांपर्यंत सपाट होई, हात सुजे, खांदा वर होत नसे.

पुढे काही डॉक्टरांना शंका आली. एवढे कापण्याची गरज आहे काय? पण नुसत्या शंकेने भागत नाही. पाहावे लागते. इटलीतल्या मिलान शहरात व्हेरोनेसी नावाच्या डॉक्टरांनी १९७३ साली पाहायला सुरुवात केली. लहान गाठ असलेल्या ७०१ बाया घेतल्या. कुणाचा पूर्ण स्तन काढायचा आणि कुणाची नुसती गाठ काढून शेक द्यायचे, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. चिठ्ठी कशाला? समजा, एक खत चांगल्या काळ्या रानात टाकले आणि दुसरे माळावर. पीक काळ्या रानातले जास्त आले. मग चांगले खत कोणते ते कसे सांगणार? रान सारखे हवे. चिठ्ठीने दोन्ही बाजूंना सारख्या बाया येतात.

मग २० वर्षे वाट पाहिली. माणसाच्या धीराची कमालच म्हणायची. २००२ साली हिशेब छापला. या रोगाने दगावलेल्या बायांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे निघाले. पूर्ण स्तन काढलेल्या बाया जास्त जगल्या, असे झाले नाही.

अमेरिकेतही फिशर नावाच्या डॉक्टरांनी १९७६ पासून असेच पाहिले. तिथे १८०० वर बाया होत्या आणि तीन गट केले होते. एका गटाचा पूर्ण स्तन काढला. दुसऱ्याची नुसती गाठ काढली. तिसऱ्याची गाठ काढून वर शेक दिले. २० वर्षांनी पाहिले तर जगण्यात तिघींत फरक नव्हता. पण एक गोष्ट निघाली, ती नीट ध्यानात घ्या. शेक दिलेल्या १०० बायांपैकी सुमारे १४ जणींना त्याच स्तनात गाठ पुन्हा आली. शेक न दिलेल्या १०० पैकी सुमारे ३९ जणींना आली. केवढा फरक! आजची औषधे तेव्हापेक्षा चांगली आहेत, त्यामुळे गाठ पुन्हा येण्याचे प्रमाण आता याहून कमी आहे. तरी स्तन ठेवायचा तर शेक पुरे घ्यायचे, हा करार आहे. अर्धे शेक सोडून घरी पळून यायचे असेल, तर ती वाट धरूच नये.

शेक म्हणजे गरम विटेचा शेक नव्हे. यंत्रातून डोळ्यांना न दिसणारे किरण सोडतात. कुणी याला ‘लाईट’ म्हणतात. पाच-दहा मिनिटांचे काम. भाजत नाही, दुखत नाही. आठवड्यात पाच दिवस, असे साधारण तीन आठवडे. कुणाला आणखी काही दिवस जास्त लागतात. शेवटी शेवटी कातडी उन्हात रापल्यासारखी काळी पडते आणि थकवा येतो. बाईच्या अंगात किरण राहत नाहीत. नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नसते.

ही निवड सगळ्यांनाच मिळते असे नाही. एकाच स्तनात वेगवेगळ्या ठिकाणी गाठी असल्या, तर बहुधा पूर्ण स्तन काढावा लागतो. छातीला पूर्वी शेक दिलेले असतील, किंवा बाई पोटुशी असून शेक लांबवता येण्यासारखे नसतील, तरी तसेच. गाठ मोठी असेल तर आधी सलाईनमधून औषध देतात. त्याला केमो म्हणतात. त्याने गाठ आकसते आणि कधी कधी मग स्तन ठेवता येतो. उलट, पूर्ण स्तन काढला म्हणजे शेक टळलेच, असेही नाही. गाठ मोठी निघाली किंवा काखेत रोग गेला असला, तर तेव्हाही शेक लागतात. नुसती गाठ काढल्यावर कडेच्या मांसात रोग दिसला, तर पुन्हा एकदा शस्त्रक्रिया करावी लागते. हे सगळे आधीच विचारून घ्यावे. नंतर ‘आम्हांला सांगितलं नव्हतं’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

डॉक्टरीणबाईंनी ठरवायला आठ दिवस दिले. म्हणाल्या, “आठ दिवसांनी काही बिघडत नाही. आठ महिन्यांनी बिघडतं.”

ते आठ दिवस घरात सगळे बोलत होते. दादा म्हणत, काढून टाका. थोरला मुलगा म्हणे, “आई, धोका कशाला घ्यायचा? पूर्ण काढ.” तो आईवेडा. भीतीने बोलत होता. मीही माझे शहाणपण पाजळले. म्हणालो, “वहिनी, आता या वयात ठेवून तरी काय करायचंय?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, “भावजी, तुमचा एक दात किडला तर तुम्ही बत्तीस काढून घेता का? अंग माझं आहे. अंघोळीला रोज मलाच बघायचंय.”

मी गप्प बसलो. चाळीस वर्षे पोरांना शिकवले, पण त्या दिवशी उत्तर सुचले नाही.

वहिनींनी ठरवले, स्तन ठेवायचा आणि शेक पुरे घ्यायचे. सुगी होती. तीन आठवडे शहरात राहावे लागणार होते. त्यांनी इस्पितळाजवळच्या धर्मशाळेची चौकशी मला करायला लावली. सुनेला दुभत्याचे काम वाटून दिले.

आता शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. संध्याकाळी नर्सबाई संमतीचा कागद घेऊन आल्या. मराठीत होता. मोकळ्या जागी शाईने लिहिलेले होते. वहिनी लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. नव्वद सालानंतर गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा आमच्याच शाळेत रात्री कंदिलाजवळ बसून शिकल्या. त्यांनी कागद हातात घेतला. एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचू लागल्या. ‘डावा... स्तन... पूर्ण...’ बोट तिथे थांबले.

“हे पूर्ण कुणी लिहिलं?” त्यांनी विचारले.

चौकशी केली तेव्हा कळले. दुपारी थोरल्याने एका शिकाऊ डॉक्टरला परस्पर सांगितले होते, ‘आईचं ठरलंय, पूर्ण काढा.’ मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मुलाला आणि मलाही बाहेर जायला सांगितले. वहिनींशी एकट्यात बोलल्या. तो कागद फाडला, नवा लिहिला. वहिनींनी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि सही केली. मुलगा बाहेर बाकावर बसून रडत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. काय बोलणार?

वहिनींच्या शेजारच्या खाटेवर तिशीतली एक बाई होती. तिचीही गाठ लहान होती, तिलाही दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. तिने पूर्ण स्तन काढून घेतला. लोक म्हणाले, तरणी बाई आणि असे का केले? तिला विचारले तर ती म्हणे, “माझं पोर चार वर्षांचं. नवरा ऊसतोडीला. तीन आठवडे इथं राहिले तर पोराला कोण बघणार? आणि मला रोज त्या स्तनाकडं बघून भ्यायचं नाही.” तिला पुढे केमो लागले, पण ते तीन आठवड्यांतून एकदा. जाऊन-येऊन जमले. कापसाची उशी शिवून ती चोळीत घालते. वरून पाहणाऱ्याला कळतही नाही. पोटाचे किंवा पाठीचे मांस घेऊन नवा स्तन करण्याचीही शस्त्रक्रिया आहे, तिने ती नको म्हटली. तिचेही बरोबर आणि वहिनींचेही बरोबर. वयावरून कुणी ठरवू नये.

काखेचे थोडे सांगायचे राहिले. काखेत बारीक गाठी असतात, त्या सगळ्यांनाच असतात. रोग पुढे निघाला तर आधी त्यांत अडकतो. पूर्वी त्या सगळ्या काढत. आता स्तनात निळा रंग टोचतात. तो ज्या गाठींत पहिल्यांदा जातो, तेवढ्याच दोन-चार काढून तपासतात. त्यांत रोग नसला तर बाकीच्या राहू देतात. वहिनींच्या काखेत रोग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना लघवी निळसर झाली आणि माझी बायको घाबरून धावत आली. तो त्या रंगाचा परिणाम. एक-दोन दिवसांत जातो. ज्यांच्या सगळ्या गाठी काढाव्या लागतात, त्यांचा हात पुढे सुजू शकतो. त्यांनी त्या हाताला काटा, चटका, विळ्याची जखम होऊ देऊ नये आणि शिकवलेला व्यायाम सोडू नये. भिंतीवर बोटे चढवत हात वर न्यायचा, हा त्यातला एक.

पैशाचे म्हणाल, तर दादांकडे केशरी शिधापत्रिका होती. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि शेक दोन्ही बसले. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. भरती झाल्यावर नव्हे, आधी. मुंबईला परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून हेच काम करते. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावीही कॅन्सरचे रुग्णालय आहे. गाठ आहे की नाही, एवढे पाहायला तर लांब जायलाच नको. तीस वर्षांवरच्या बायांची छाती तपासायची सोय सरकारी आरोग्य केंद्रात आहे. आशाताईला विचारा. हाताने तपासून काय होते, असे म्हणू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या लोकांनी १९९८ पासून दीड लाख बायांवर हे करून पाहिले. शिकवून तयार केलेल्या साध्या बायांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायचे. पन्नाशीवरच्या बायांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले.

वहिनींच्या गाठीच्या तुकड्यावरून कळले होते की त्यांना गोळी लागू पडेल. केमो लागले नाही. रोज एक गोळी, पाच वर्षे. २०२४ साली ती बंद झाली. वर्षातून एकदा छातीचा फोटो काढायला जातात. त्या दिवशी घरात कुणी फार बोलत नाही. कागद चांगला आला की दादा पेढे आणतात.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहिनींनी तेव्हा नातीच्या वहीत मागच्या पानावर लिहून नेले होते. ते पान अजून आहे. अक्षर मोठे आणि तिरके.

गाठ केवढी आहे? काखेत गेली का? ठेवता येईल का? ठेवला तर शेक किती दिवस आणि कुठे? काढला तर शेक टळतील का? पुन्हा आली तर काय करणार? कार्डावर काय बसते?

शेवटचा प्रश्न एकदा लिहून खोडला होता आणि खाली पुन्हा लिहिला होता. ‘नातीला उचलून घेता येईल का?’

घेता आले. दोन महिन्यांत घेऊ लागल्या. नात आता सहावीत गेली आहे, त्यामुळे उचलवत नाही, ती गोष्ट वेगळी.